हरलेल्या सामन्याचे चार आकडे छापा

प्रति,
मा. संपादक,
क्रीडा विभाग

विषय: महिला बास्केटबॉलच्या निकालांची मांडणी

महोदय,

अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, म्हणजे डब्ल्यूएनबीएचा निकाल आपल्या क्रीडा पानावर आलाच तर तळाच्या पट्टीत एका ओळीत येतो. दोन संघांची नावे, गुण, झाले. जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला तेवढे पुरते. डॅलस विंग्जच्या चाहत्याचे काय? २०२५ च्या हंगामात हा संघ ४४ सामने खेळला, १० जिंकला, ३४ हरला. म्हणजे वर्षभरात चौतीस वेळा तीच ओळ, फक्त समोरच्या संघाचे नाव आणि आकडे वेगळे. ठाण्यात आणि खाडीपलीकडे ऐरोली-वाशीकडे हा खेळ नेमाने पाहणारे लोक आहेत. त्यातले काही जण अशाच तळातल्या संघांना धरून आहेत. त्यांच्या वतीने हे पत्र.

आधी वेळेचे गणित सांगतो, कारण आमची मागणी त्यावरच उभी आहे. लीगचा हंगाम मे ते ऑक्टोबर. अमेरिकेतली घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे हंगामभर आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक हलत नाही. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, अटलांटा, इंडियाना साडेनऊ तास मागे. शिकागो, मिनेसोटा, डॅलस साडेदहा तास. लॉस एंजेलिस, सिॲटल, लास व्हेगास साडेबारा तास. फिनिक्सला घड्याळ बदलायची पद्धतच नाही, पण उन्हाळ्यात तेही साडेबारावरच बसते. तिथला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे अनुक्रमे पहाटे साडेचार, साडेपाच आणि सकाळी साडेसात. खेळ चाळीस मिनिटांचा असला तरी मध्यंतर, टाइमआउट आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) धरून दोन तास ते सव्वादोन तास लागतात.

आपले पान रात्रीच छपाईला सुटते. पहाटेचा निकाल त्या दिवशीच्या अंकात येणे शक्यच नाही, तो दुसऱ्या दिवशी येतो. मंगळवारी रात्री डॅलसमध्ये झालेला सामना आपल्याकडे बुधवारी सकाळी संपतो आणि छापून येतो गुरुवारी. (त्यात बातमीत ‘काल’ असे लिहिले की घोटाळा पूर्ण होतो. वार लिहावा आणि तो तिथला की इथला हेही लिहावे.) न्यूयॉर्कमधला रविवारचा दुपारी एकचा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतो. नवख्या प्रेक्षकाला ही सगळ्यात सोयीची वेळ, पण तोही संपेपर्यंत पाऊण वाजतो आणि बहुधा पान गेलेले असते. थोडक्यात, गुण छापण्याच्या शर्यतीत छापील पेपर मोबाइलच्या पुढे जाणार नाही. चोवीस तास उशिराच यायचे असेल, तर त्या ओळीने ‘किती’ऐवजी ‘कशामुळे’ सांगावे.

हरणाऱ्या संघामागे कोण जाते, असे कोणी विचारील. २०२३ साली क्रिकेटची महिला प्रीमियर लीग सुरू झाली, पहिला सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. त्या मोसमात स्मृती मानधनाच्या बंगळूर संघाने ओळीने पाच सामने घालवले होते. पुढच्याच वर्षी, २०२४ ला, त्याच संघाने करंडक उचलला. बास्केटबॉलमध्ये त्याहून मोठे उदाहरण न्यूयॉर्क लिबर्टीचे. १९९७ मध्ये लीग सुरू झाली तेव्हाच्या मूळ आठ संघांतला हा एक. आधीच्या मालकाने २०१७ मध्ये तो विकायला काढला आणि २०१८ व २०१९ चे बहुतेक घरचे सामने मॅडिसन स्क्वेअर गार्डन सोडून व्हाइट प्लेन्सच्या छोट्या सभागृहात खेळावे लागले. २०२० मध्ये २२ पैकी २ विजय. २०२४ मध्ये विजेतेपद, तेही मिनेसोटाविरुद्ध पाचव्या सामन्यात ओव्हरटाइममध्ये ६७-६२. त्याआधी पाच वेळा अंतिम फेरीत हरले होते.

पण सगळ्याच हारणाऱ्यांचे असे होत नाही, हेही सांगायला हवे. डॅलस विंग्ज म्हणजे मूळचा डेट्रॉइट शॉक. २००३, २००६ आणि २००८ चा विजेता. २०१० मध्ये संघ टल्साला हलवला, चांगल्या खेळाडू पांगल्या, आणि २०११ मध्ये ३४ सामन्यांत ३ विजय अशी नोंद झाली. २०१६ मध्ये डॅलसजवळच्या आर्लिंग्टनला स्थलांतर. २०२३ ला उपांत्य फेरी, लगेच २०२४ ला ९-३१ (९ विजय, ३१ पराभव), आणि २०२५ ला १०-३४. तेव्हा ‘धीर धरा, दिवस येतील’ हा सल्ला फुकटचा आहे. संघ सुधारतोय की नुसताच हरतोय, हे गुणफलकावरून कळत नाही. ते ओळखायला चार आकडे लागतात.

पहिला आकडा नेमबाजीचा. नुसती टक्केवारी फसवी असते, कारण दोन गुणांची आणि तीन गुणांची बास्केट ती एकच मोजते. म्हणून यशस्वी फटक्यांत तीन गुणांच्या यशस्वी फटक्यांची निम्मी संख्या मिळवायची आणि एकूण प्रयत्नांनी भागायचे. दुसरा टर्नओव्हरचा, म्हणजे फटका न मारताच चेंडू किती वेळा घालवला. तो पझेशनच्या टक्केवारीत. तिसरा ऑफेन्सिव्ह रिबाउंडचा: आपला फटका हुकल्यावर उपलब्ध चेंडूंपैकी किती परत आपल्याच हाती आले. चौथा फ्री थ्रोचा: दर शंभर फटक्यांमागे फ्री थ्रोवर किती गुण मिळवले. अमेरिकन आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांनी हे चार घटक रूढ केले. त्यांचे वजन सारखे नाही. नेमबाजी सगळ्यात भारी, मग टर्नओव्हर, मग रिबाउंड, फ्री थ्रो शेवटी.

यात पझेशन मोजणे आले, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. पझेशन म्हणजे एका संघाकडे चेंडू आला तेव्हापासून तो दुसऱ्याकडे जाईपर्यंतचा डाव. बॉक्स स्कोअरवरून, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यावरून, काढायचे सूत्र असे: एकूण फटके, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोचे प्रयत्न गुणिले ०.४४. हे ०.४४ कुठून आले? दोन फ्री थ्रोंनी एक पझेशन संपते म्हणून खरे तर ०.५ हवे होते. पण बास्केट पडून वर फाउलचा एक जादा थ्रो मिळतो, टेक्निकल फाउलचाही मिळतो. हे थ्रो नवे पझेशन खात नाहीत. तीन गुणांच्या फटक्यावर फाउल झाला तर तीन थ्रो मिळूनही पझेशन एकच. म्हणून आकडा निम्म्याहून थोडा खाली येतो.

एक सामना समजा. आपला संघ ७२-८२ असा हरला. आपले फटके ६६, पैकी २६ यशस्वी, त्यात ६ तीन गुणांचे; फ्री थ्रो १८ पैकी १४; ऑफेन्सिव्ह रिबाउंड ८, टर्नओव्हर १५. समोरच्यांचे ६८ पैकी ३०, त्यात ९ तीन गुणांचे. फ्री थ्रो १६ पैकी १३. ऑफेन्सिव्ह रिबाउंड ९, टर्नओव्हर १५. सूत्रात घातले की दोन्ही संघांची पझेशन ८१ येतात. म्हणजे संधी सारख्याच मिळाल्या. टर्नओव्हर सारखे, रिबाउंडमध्ये एकाचा फरक, फ्री थ्रोवर उलट आपणच एका गुणाने पुढे. आता नेमबाजी: आपली २६ अधिक ३, भागिले ६६, म्हणजे ४३.९ टक्के, त्यांची ३० अधिक साडेचार, भागिले ६८, म्हणजे ५०.७. फरक ६.८ टक्क्यांचा. ६६ फटक्यांना दोन गुणांच्या हिशेबाने तो जवळजवळ ९ गुण होतो. दहा गुणांच्या हारीतले नऊ गुण इथे गेले. दुसऱ्या दिवशी गाडीत कोणी म्हणाले की ‘पोरींनी चेंडू फार टाकला’, तर ते चूक आहे, आणि तसे ठामपणे सांगता येते.

याच पद्धतीने हंगामात दहा-बारा सामने मांडले की हारण्याचे प्रकार वेगळे दिसू लागतात. टर्नओव्हर कमी होत चाललेत पण फटके पडत नाहीत, असा तरुण संघ बहुधा वाटेवर असतो. नेमबाजी पुढच्या वर्षी सुधारू शकते, खेळाडू आणता येते. उलट समोरच्याची नेमबाजी सामन्यामागून सामने ५२-५३ टक्क्यांवर राहिली तर बचाव मोडलेला आहे. तो एका नव्या ताऱ्याने दुरुस्त होत नाही.

आकड्यांतली एक फट मात्र सांगून ठेवतो. टर्नओव्हरचे दोन प्रकार असतात. चेंडू बाहेर गेला, पायात अडखळली, फटका मारायचे २४ सेकंद संपले, तर खेळ थांबतो आणि बचाव पुन्हा उभा राहतो. चेंडू हिसकावला गेला तर समोरची एकटी धावत जाऊन ले-अप, म्हणजे बास्केटजवळचा सोपा फटका, टाकते. दुसरा प्रकार कितीतरी महाग, आणि बॉक्स स्कोअर दोन्ही एकाच रकान्यात टाकतो. उपाय सोपा: समोरच्या संघाचा ‘स्टील’चा (हिसकावलेल्या चेंडूंचा) रकाना पाहावा. १५ टर्नओव्हरपैकी १० स्टील असतील तर मागच्या गार्डना, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूंना, दबाव झेपत नाही असे समजावे. १५ पैकी ४ असतील तर तो निष्काळजीपणा आहे, सरावाने जातो.

दुसरी फट एकतर्फी सामन्याची. पाच मिनिटे उरली असताना वीस गुणांचा फरक असेल तर दोन्ही प्रशिक्षक बेंच रिकामी करतात, म्हणजे राखीव खेळाडू उतरवतात, आणि त्या पाच मिनिटांत हरणाऱ्या संघाचे आकडे भराभर सुधारतात. असा सामना तिसऱ्या क्वार्टरअखेरच्या आकड्यांवर वाचावा. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढचा ‘प्लस-मायनस’ (ती मैदानावर असताना संघाने केलेल्या आणि दिलेल्या गुणांतला फरक) तर एका सामन्यापुरता न वाचलेलाच बरा. चांगल्या चौघींबरोबर उभी असलेली पाचवीही त्यात सोन्याची दिसते.

ज्यांना पहाटे उठून प्रत्यक्ष सामना पाहायचा आहे त्यांनी वहीत मांडावे, झोप उडते. आडव्या पानावर दोन ओळी, प्रत्येक क्वार्टरला प्रत्येक संघाची साधारण वीस घरे. एका पझेशनला एक घर. बास्केट पडली तर २ किंवा ३, हुकली तर ०, टर्नओव्हरला ट, फ्री थ्रोला फ आणि शेजारी मिळालेले गुण. ऑफेन्सिव्ह रिबाउंड झाला तर त्याच घरात बाण काढून पुढचा फटका लिहायचा, नवे घर घ्यायचे नाही. चूक होते ती इथेच. तपासणी आपोआप होते: चेंडू आलटून पालटून जातो, त्यामुळे क्वार्टरअखेर दोन्ही संघांची घरे एक-दोनपेक्षा जास्त वेगळी निघाली तर कुठेतरी रिबाउंडला नवे घर दिलेले आहे.

फाउलची नोंद वेगळ्या कोपऱ्यात ठेवावी. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल माफ, पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. क्वार्टर दहा मिनिटांचे आहे. पाचवा फाउल सहा मिनिटे शिल्लक असताना झाला तर उरलेला वेळ बचाव हात मागे बांधूनच खेळतो. कच्चे संघ इथे फार वेळा सापडतात. खेळाडूला सहा फाउल पुरतात, सहाव्याला ती बाहेर. तिसरा फाउल मध्यंतराआधी झाला की प्रशिक्षक तिला बसवतो आणि त्या चार-पाच मिनिटांत फरक वाढतो. गुणफलकावर हे कधीच दिसत नाही.

आणखी एक जागा म्हणजे क्वार्टरचा शेवट. घड्याळात ३२ ते ३५ सेकंद असताना फटका मारला तर समोरच्याचे २४ सेकंद संपल्यावरही आपल्याला एक डाव उरतो. मुरलेले संघ हे डोळे मिटून करतात. तळातला संघ २८ सेकंदांपर्यंत चेंडू टप टप करत बसतो आणि तो डाव घालवतो. सामन्यात चार क्वार्टर, म्हणजे चार संधी. एक-दोन गुणांनी हरणाऱ्या संघाला याचा हिशेब विचारायलाच हवा.

साडेसातच्या सामन्याचे वेगळेच. ठाण्याच्या फलाटावर तेव्हा गर्दीची वेळ, गाडीत मोबाइल डोळ्यांसमोर धरायला जागा नसते. व्हिडिओचा नाद सोडावा. लीगच्या संकेतस्थळावर प्रत्येक पझेशनची ओळ लिहून येते, ती वाचत गेले तरी वही भरता येते आणि डेटाही नगण्य लागतो. रात्री रेकॉर्डिंग पाहायचे असेल तर दिवसभर ॲपच्या सूचना बंद ठेवाव्यात. तरीही व्हिडिओची पट्टी नेहमीपेक्षा लांब दिसली की पाच मिनिटांचा ओव्हरटाइम झाला हे कळायचे ते कळतेच.

२१ ऑगस्ट २०२५ ची सकाळ याच वेळेची होती. लॉस एंजेलिसमध्ये डॅलसच्या पेज बेकर्सने ४४ गुण केले, २१ पैकी १७ फटके पाडले. पहिल्याच वर्षाच्या खेळाडूने त्या लीगमध्ये केलेली ही सर्वोच्च गुणसंख्या. १९९७ मध्ये सिंथिया कूपरने तेवढेच केले होते. डॅलस हरली, ८०-८१, लॉस एंजेलिसच्या केल्सी प्लमने शेवटच्या क्षणी बास्केट पाडली म्हणून. अशा सामन्याची एका ओळीतली बातमी ‘डॅलसचा निसटता पराभव’ अशीच होईल. पण ८० मधून ४४ वजा करा: बाकी सगळ्या मिळून ३६. चाहत्याच्या दृष्टीने खरी बातमी ही आहे. बेकर्स पुढे वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरली, आणि तरी हंगाम का बुडाला याचे उत्तर त्या छत्तिसात आहे.

संघ वर्षभर एकसारखा राहतो अशाही समजात राहू नये. डॅलसची नलिसा स्मिथ जूनअखेर लास व्हेगासला गेली आणि त्याच हंगामाच्या शेवटी विजेत्या संघात होती. ऑगस्टमध्ये डिजोनाय कॅरिंग्टन मिनेसोटाला गेली. अशा अदलाबदलींची नोंद आपल्या पानावर कुठेच नसते, त्यामुळे जूनमध्ये पेपर वाचणारा सप्टेंबरमध्ये भलत्याच नावांचा संघ पाहतो. जागा मुळातच कमी आहेत: २०२५ मध्ये १३ संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त १२ खेळाडू, म्हणजे सगळ्या लीगमध्ये १५६. त्या वर्षी संघाच्या पगाराची मर्यादा १५,०७,१०० डॉलर होती आणि ती ओलांडायची सोय नव्हती, म्हणून कित्येक संघ अकराच खेळाडू ठेवत. मग दोघी-तिघी जखमी झाल्या की उपलब्ध खेळाडू दहाच्या खाली जातात आणि तात्पुरत्या करारावर कोणीतरी बोलवावी लागते. तिला डावपेच कळेपर्यंत करार संपतो.

आता ‘हरू दे, पुढच्या वर्षी पहिली निवड मिळेल’ (म्हणजे नव्या खेळाडूंतून सर्वांत आधी एक घेण्याचा हक्क) म्हणणाऱ्यांविषयी. असे लोक प्रत्येक तळातल्या संघामागे असतात, त्यांनी नियम नीट वाचावा. प्लेऑफ म्हणजे बाद फेरी न गाठलेल्या संघांची सोडत निघते आणि संधी ठरते ती मागच्या दोन हंगामांच्या एकत्रित कामगिरीवर, एका वर्षाच्या नव्हे. चार संघांच्या सोडतीत सर्वांत खराब संघाला हजारात ४४२ संधी असत, म्हणजे पहिली निवड न मिळण्याचीच शक्यता जास्त. इंडियानाला ती लागली आणि २०२४ मध्ये केटलिन क्लार्क मिळाली. २०२२ मध्ये ५-३१ असलेला तो संघ २०-२० वर आला. पुढच्या सोडतीत सर्वाधिक संधी लॉस एंजेलिसची होती, निघाले डॅलसचे नाव. त्याहून वाईट गोष्ट शिकागोची. २०२५ मध्ये शिकागो १०-३४. पण त्यांनी पुढच्या वर्षाची आपली निवड आधीच मिनेसोटाला देऊन टाकली होती. सोडतीत ती दुसऱ्या क्रमांकाला लागली. म्हणजे शिकागो ३४ सामने हरली आणि त्याचे फळ ज्या संघाला मिळाले तो त्याच हंगामात ३४ सामने जिंकलेला होता. तेव्हा हरण्यावर खूश होण्याआधी निवड अजून आपल्याच नावावर आहे का, एवढे तरी पाहावे. आमचे मत विचाराल तर मुद्दाम हरावे अशी इच्छा धरणाऱ्याने पहाटे उठण्याचे कष्ट घेऊच नयेत.

हे सगळे अमेरिकेचे. इथे त्याचे काय, असा प्रश्न आपल्या संपादकीय बैठकीत येईल याची कल्पना आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळलाच भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा महिलांच्या खेळाला वाचक नाही हे म्हणणे आता टिकत नाही. बास्केटबॉलमध्ये आपल्याकडे मुलींना पोट भरायचे तर रेल्वेची नोकरी हाच जुना रस्ता. त्याच रेल्वेतली गीतू ॲना जोस २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांच्या चाचणीला जाऊन आली. करार झाला नाही, पण तिथवर गेलेली ती पहिली भारतीय. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघात खेळली. जिल्हा आणि आंतरशालेय स्पर्धांचे निकाल आपण छापता, त्यातही नुसते गुण आणि ‘अमुकने चमकदार खेळ केला’ एवढेच असते. त्या स्पर्धांच्या स्कोअरशीटवर गुण आणि फाउल असतात, फटक्यांचे प्रयत्न आणि टर्नओव्हर नसतात. टेबलाशेजारी वही घेऊन एक मुलगी बसवली की तेही मिळतील. वर सांगितलेली घरांची पद्धत तिला अर्ध्या तासात येते. मुलींच्या सामन्याला चेंडू सहा नंबरचा, २८.५ इंच घेराचा असतो हेही छायाचित्राखाली लिहिणाऱ्याने तपासावे. दुकानात न सांगता मागितला तर सात नंबरचा हातात पडतो, आणि मग मुलींची नेमबाजी कच्ची म्हणून ओरड होते.

तर मागणी अशी. रोज नको, आठवड्यातून एकदा, सोमवारच्या अंकात सोयीचे, कारण तोवर रविवारी सकाळपर्यंतचे सामने हाती असतात. तळातल्या तीन संघांचा प्रत्येकी एक सामना घ्यावा. जागा दोन ओळींची. पहिल्या ओळीत निकाल, ठिकाण आणि तिथला वार. दुसऱ्या ओळीत दोन्ही संघांचे चार आकडे. वरच्या काल्पनिक सामन्याचे असे होईल:

७२-८२. पझेशन ८१. नेमबाजी ४३.९ / ५०.७. टर्नओव्हर १५ (१८.५ टक्के) / १५ (१८.५ टक्के). ऑफेन्सिव्ह रिबाउंड ८ / ९. फ्री थ्रो गुण १४ / १३.

ऑफेन्सिव्ह रिबाउंडची टक्केवारी काढायला समोरच्याचे डिफेन्सिव्ह रिबाउंडही लागतात. जागा नसेल तर नुसती संख्या चालेल. नेमबाजीची टक्केवारी मात्र तीन गुणांची भर घालूनच द्यावी, वृत्तसंस्थेकडून येते ती साधी असते. गणिताला एका सामन्यामागे पाच मिनिटे लागतात. हंगाम सुरू झाल्यावर पहिले चार आठवडे हे तक्ते तयार करून रविवारी रात्री आठच्या आत आपल्या क्रीडा विभागाकडे पाठवायला आम्ही तयार आहोत. नंतर आपल्याकडच्या कोणीही ते करू शकेल. तपासण्यासाठी सोबत कच्चे आकडेही असतील.

आपले,
बास्केटबॉल पाहणारे काही वाचक
ठाणे (पश्चिम)